जसं बोलले तसं: विद्यार्थ्यांना दस्तऐवजी नाटक शिकवताना

खऱ्या माणसांच्या बोलण्यातून नाटक उभं करायला शिकवताना पहिल्या आठवड्यात एकच सवय मोडायची असते, ती म्हणजे वाक्य दुरुस्त करण्याची. वर्षानुवर्षं शुद्धलेखन गिरवलेला विद्यार्थी कुणाचंही बोलणं कागदावर उतरवताना नकळत ते नीटनेटकं करतो. 'अं' गाळतो, अर्धवट वाक्य पुरं करतो, 'व्हतं'चं 'होतं' करतो. याला आपण शब्दांकन म्हणतो. आत्मचरित्राला ते चालतं, पण या नाटकाचा जीवच त्यात जातो.

पहिल्याच तासाला फळ्यावर दोन वाक्यं लिहा. पहिलं: 'मी गेलो होतो, पण आत गेलो नाही.' दुसरं: 'म्हणजे मी, अं, मी काही गेलो नाही. नाही, गेलो. गेलो होतो, पण आत नाही गेलो ना.' दोन्हींतली माहिती एकच. पण दुसऱ्यात एक माणूस आधी नाकारतो, मग स्वतःलाच अडवतो, आणि शेवटच्या 'ना'त समोरच्याची संमती मागतो. नटाला करण्यासारखं जे काही आहे, ते सगळं या खाचाखोचांत आहे. उदाहरण रचलेलं असलं तरी चालेल. आठवड्याभरात विद्यार्थी याहून चांगली खरी उदाहरणं घेऊन येतील.

थोडा इतिहास सांगावा, पण तासभर नको. जर्मन दिग्दर्शक एर्विन पिस्काटोर यांनी १९२५ साली बर्लिनमध्ये भाषणं, वृत्तपत्रांतली कात्रणं आणि चित्रफिती जोडून प्रयोग केला होता. पीटर वाइस यांचं १९६५ चं नाटक ऑशविट्झ या नाझी छळछावणीवरच्या फ्रँकफर्टमधल्या खटल्यातल्या साक्षींवर उभं आहे. 'व्हर्बेटिम थिएटर', म्हणजे बोललेलं शब्दशः मांडणारं नाटक, ही संज्ञा डेरेक पॅजेट यांच्या १९८७ च्या लेखामुळे रुळली. अमेरिकी अभिनेत्री ॲना डेव्हर स्मिथ यांनी न्यूयॉर्कमधल्या क्राउन हाइट्सच्या दंगलीवरच्या १९९२ च्या प्रयोगात वीसहून अधिक खरी माणसं एकटीने उभी केली. मुलांना चार पद्धती दिसल्या की पुरे.

वेळेचं गणित आधी

समजा वर्गात १६ विद्यार्थी आहेत आणि हातात १० आठवडे, आठवड्याला दीड तासाचे दोन तास. आठ जोड्या करा. प्रत्येक जोडीने एकच मुलाखत घ्यायची, अर्ध्या तासाची. म्हणजे चार तासांचं ध्वनिमुद्रण जमतं. त्यातली दहा-दहा मिनिटं तपशिलात उतरवायची, म्हणजे ८० मिनिटं. त्यातून ३०-३५ मिनिटांचा प्रयोग. पहिले दोन आठवडे सराव आणि तयारी, तिसरा मुलाखतींचा, चौथा-पाचवा उतरवण्याचा, सहावा-सातवा संहितेचा, उरलेले तीन तालमीचे. सगळ्यात जास्त घसरतात ते उतरवण्याचे दिवस. एका मिनिटाचं बोलणं खाचाखोचांसकट उतरवायला नवख्याला सहा-सात मिनिटं सहज लागतात, माणूस भराभर बोलणारा असेल तर दहा. हे आधी सांगितलं नाही तर चौथ्या आठवड्यात मुलं कंटाळून सारांश लिहायला लागतात.

उत्साही विद्यार्थी वीस मुलाखती घेऊ म्हणतात. घेऊ देऊ नका. अमेरिकेतल्या लॅरमी या गावातल्या एका तरुणाच्या हत्येवर टेक्टॉनिक थिएटर प्रोजेक्ट या नाट्यसंस्थेने २००० साली नाटक आणलं, त्यामागे दोनशेहून अधिक मुलाखती होत्या. पण ती व्यावसायिक नटमंडळी होती आणि त्यांनी गावात वारंवार जाऊन दीडेक वर्ष काम केलं होतं.

विषय आणि माणसं

पहिल्या प्रकल्पाला मृत्यू, अत्याचार, ताजी दुर्घटना हे विषय घेऊ नयेत. विद्यार्थ्याला समोरच्याचं कोसळणं सावरता येत नाही, आणि त्याने सावरावं अशी अपेक्षाही चुकीची आहे. 'पहिलं काम', 'घर बदललं तो दिवस', 'हरवलेली वस्तू' असे विषय वरवर साधे वाटतात. पण त्यांत घटना असते, वेळ असते, जागा असते. 'आनंद', 'समाज', 'स्वातंत्र्य' हे विषय मात्र टाळाच. अमूर्त प्रश्नाला माणूस भाषण देतो.

संमती कागदावर आणि आवाजात, दोन्ही प्रकारे घ्या. कागदावर साध्या भाषेत चार गोष्टी हव्यात: काय मुद्रित होणार, ते कुठे आणि कुणासमोर सादर होणार, नाव दिसणार की नाही, आणि कोणत्या तारखेपर्यंत माघार घेता येईल. बोलणारी व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर पालकांचीही सही. नाव बदललं म्हणजे ओळख लपली, असं विद्यार्थ्यांना वाटतं. तसं नसतं. व्यवसाय, मुलांची संख्या आणि एखादी लकब एवढ्यावरून ओळखणारे ओळखतात. म्हणून कोणते तपशील काढायचे हे बोलणाऱ्यालाच विचारावं.

मुलाखत

जोडीतला एक विचारतो, दुसरा लिहितो. लिहिणाऱ्याचं काम शब्द टिपण्याचं नाही, ते फोन करतो. त्याने टिपायचं ते फोनला न दिसणारं: हात कुठे होते, कोणत्या वाक्याला नजर खिडकीकडे गेली, चहाचा कप किती वेळ तसाच हातात राहिला. शेजारी वेळ लिहायची, म्हणजे नंतर ध्वनीशी जुळवता येतं.

फोन विमान मोडवर टाका, कारण मध्येच कॉल आला की मुद्रण थांबू शकतं. टेबलावर तसाच ठेवला तर प्रत्येक पेला ठेवल्याचा धक्का ऐकू येतो, तेव्हा खाली घडी केलेला रुमाल घाला आणि बोलणाऱ्यापासून वीतभर-दोन वीत अंतर ठेवा. पंखा बंद. आधी २० सेकंद मुद्रित करून ऐकून बघा, आणि जमलं तर दुसरा फोनही चालू ठेवा.

प्रश्न सहापेक्षा जास्त नकोत. 'तुम्हाला कसं वाटलं?' हा प्रश्न यादीतून खोडा, कारण त्याला ठरावीक उत्तर येतं: 'खूप वाईट वाटलं.' त्याऐवजी 'तेव्हा खोलीत कोण कोण होतं?', 'तुम्ही पहिलं काय म्हणालात?', 'मग?' विचारा. ॲना डेव्हर स्मिथ यांना एका भाषातज्ज्ञ बाईंनी तीन प्रश्न सुचवले होते, माणसाचं पाठ केलेलं बोलणं मोडून त्याची स्वतःची लय बाहेर आणणारे. त्यांतले दोन वर्गात चालतील: तुमच्या जन्माच्या वेळी काय परिस्थिती होती, आणि न केलेल्या गोष्टीचा आळ तुमच्यावर कधी आला होता का? तिसरा मृत्यूच्या जवळ जाऊन आल्याबद्दलचा आहे, तो विद्यार्थ्यांनी सोडावा.

इथली नेहमीची चूक म्हणजे विचारणाऱ्याचं 'हो ना, हो ना, बरोबर'. तो होकार बोलणाऱ्याच्या शब्दांवर चढतो आणि नेमका हवा तो शब्द ऐकू येत नाही. मानेने होकार द्यायची सवय वर्गातच एकमेकांवर घालून घ्या. दुसरी चूक शांततेची भीती. उत्तर संपल्यावर मनात पाच अंक मोजायचे, मगच पुढचा प्रश्न. बरेचदा खरं उत्तर त्या पाच अंकांत सुरू होतं.

उतरवणं

आधी लिहू नका, ऐका. अख्खी मुलाखत एकदा ऐकताना फक्त यादी करायची: '०३:१०, दुकानाचा किस्सा, ०७:४५, आईबद्दल, आवाज बदलतो'. मग जोडीने दहा मिनिटं निवडायची. ती दोन फेऱ्यांत उतरवायची. पहिल्या फेरीत शब्द, दुसऱ्यात थांबे, अडखळणं आणि हसू. दुसरी फेरी जोडीदाराने करावी. ज्याने शब्द लिहिले, त्याला स्वतःच्या चुका ऐकू येत नाहीत.

खुणा मोजक्या ठेवा. तिरकी रेघ म्हणजे छोटा थांबा, कंसातला आकडा म्हणजे तेवढे सेकंद शांतता, शब्दाच्या शेवटी आडवी रेघ म्हणजे तुटलेला शब्द. श्वास घेतला की नवी ओळ. कागदावर ते असं दिसतं:

म्हणजे मी / अं /
मी काही गेलो नाही.
(२)
नाही, गेलो.
गेलो होतो, पण आत नाही गेलो ना.

(अशा ओळी पाहिल्या की काही मुलं कविता वाचल्यासारखी वाचू लागतात. ध्वनी लावून द्या, आपोआप थांबतात.)

'म्हणजे', 'काय आहे ना', 'असं झालं की', 'काय म्हणतात ते' ही पालुपदं बोलणाऱ्याच्या अंगठ्याच्या ठशासारखी असतात. एकाचं 'म्हणजे' वेळ काढतं, दुसऱ्याचं समजावतं. बोलीत बोललेलं बोलीतच लिहा. 'पानी' म्हटलं असेल तर 'पानी'. पण उलट टोकही आहे. माणूस एकदा 'पाणी' आणि एकदा 'पानी' म्हणाला असेल, तर ते दोन्ही तसंच राहू द्या. बोली 'नीट' करण्याच्या नादात विद्यार्थी ती सगळीकडे सारखी करून टाकतात, आणि मग ती कुणाचीच राहत नाही. फोनवरची आपोआप लिहून देणारी ॲप्स यादी करायला ठीक, संहितेला नाहीत. ती 'अं' आणि पुनरुक्ती गाळतात आणि बोलीतला शब्द ओळखीच्या प्रमाण शब्दात बदलतात, म्हणजे आपण जे टाळतोय तेच करतात.

कात्री

संहितेच्या दोन आठवड्यांत नियम एकच: कात्री चालेल, पेन नाही. कापता येईल, उताऱ्यांचा क्रम बदलता येईल, दोन माणसांची बोलणी शेजारी ठेवता येतील. शब्द घालता येणार नाही. एका वाक्याचं डोकं दुसऱ्याच्या धडाला लावता येणार नाही. आणि एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जोडता येणार नाही. हा शेवटचा भंग सगळ्यात जास्त होतो, कारण प्रश्न संहितेत नसतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून विचारणाऱ्याचे प्रश्नही उतरवायला लावा.

प्रत्येक उतारा वेगळ्या कार्डावर चिकटवा आणि कोपऱ्यात खूण लिहा, उदाहरणार्थ 'ग-१२:४०', म्हणजे 'ग' मुलाखतीतलं बारा मिनिटं चाळीस सेकंदांपासूनचं बोलणं. कार्डं जमिनीवर पसरून क्रम लावायचा. संगणकावर लावला की एकच जण लावतो आणि पंधरा जण बघतात.

खोटं बोलायला शब्द बदलावे लागत नाहीत, हे इथेच शिकवता येतं. 'सुरुवातीला मला तिचा रागच आला. पण दोन दिवसांनी कळलं, चूक माझी होती.' यातलं दुसरं वाक्य कापलं, तर प्रत्येक शब्द खरा राहतो आणि माणूस खोटा होतो. कापताना विचारायचं: ही व्यक्ती पहिल्या रांगेत बसली असेल, तर 'मी असं म्हणालेच नव्हते' म्हणेल का? शंका वाटली तर कापलेलं परत घ्या.

विद्यार्थी हमखास दोनच प्रकारची कार्डं उचलतात: रडण्याची आणि टाळीच्या वाक्याची. अशी आठ कार्डं ओळीने आली की तिसऱ्यापासून प्रेक्षक थंड होतो. भाजीचा भाव, बसचा नंबर, चप्पल तुटली, असली क्षुल्लक कार्डं मध्ये घाला. नाटकातली माणसं त्यांनीच माणसं होतात. एक स्वगत दोन-तीन मिनिटांचं असावं. चारच्या पुढे जायचं असेल तर त्यात काहीतरी घडायला हवं. एकाच घटनेबद्दल दोघं वेगवेगळं सांगत असतील, तर खरं कोणाचं ते ठरवू नका. दोन्ही शेजारी ठेवा.

निवेदकाची मागणी येईलच. माणूस कोण, कुठे, कधी, एवढी एक ओळ द्या, पण ती वेगळ्या जागेवरून आणि वेगळ्या आवाजात, म्हणजे ती बोलणाऱ्याची नाही हे दिसतं. दोन-तीन माणसं मिसळून एक पात्र करणं काही व्यावसायिक करतात. वर्गात ते नको. कोण काय म्हणालं याची जबाबदारीच त्यात विरघळते.

तालीम

पाठांतराआधी ध्वनी दहा वेळा ऐकायचा, हातात कागद न घेता. मग कानात हेडफोन घालून बोलणाऱ्याच्या अर्धा सेकंद मागे बोलत राहायचं. मग ध्वनी बंद करून बोलायचं, आणि स्वतःचं मुद्रण मूळाशी ताडून बघायचं. ब्रिटिश नाटककार अलेकी ब्लाइथ यांच्या पद्धतीत नट प्रयोगातही हेडफोन ठेवतात. तालमीला ही पद्धत उत्तम आहे. प्रयोगात मात्र नवख्या विद्यार्थ्याची नजर आतच अडकते, आणि ध्वनी एकदा चुकला की तो पूर्ण हरवतो.

नक्कल होते ती बहुतेक वेळा हेल आधी उचलल्यामुळे. उलट्या क्रमाने जा: श्वास कुठे घेतला, वेग कुठे वाढला, कोणता शब्द गिळला, आणि हेल सगळ्यात शेवटी. तोही मुळापेक्षा थोडा कमीच ठेवा. वयस्कर माणसासाठी पाठ वाकवणं, बाईसाठी आवाज बारीक करणं, दोन्हींना बंदी. प्रत्येक पात्राला एक वस्तू पुरते: चष्मा, पिशवी, खांद्यावरचा पंचा. थांबे नेहमी आक्रसतात, तीन सेकंदांचा एक होतो. सेकंद मोजायला लावलं तर थांबा मेलेला वाटतो. त्याऐवजी बोलणारा तेव्हा काय शोधत होता, शब्द की धीर, हे ठरवून द्या.

प्रेक्षक मुलाखत घेणाऱ्याच्या जागी बसलेले असतात, म्हणून बोलणं थेट त्यांच्याशी. पत्र, बातमी, सरकारी कागद वाचायचा असेल तर तो हातात धरून, तारखेसकट, कोरड्या आवाजात.

प्रयोगाच्या दोन आठवडे आधी ज्यांचे शब्द आहेत त्यांना बोलावून अभिवाचन करा. कुणी 'हे काढा' म्हणालं तर काढायचं, वाद न घालता. 'हे असं नाही, असं म्हणायचं होतं' म्हणालं, तर तिथेच नवीन मुद्रण करा आणि ते शब्द वापरा. स्वतः दुरुस्ती लिहून देऊ नका. नुसतं पडेल चेहऱ्याने 'ठीक आहे' म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा एकट्याला विचारा.

गुण द्यायचेच असतील तर उतरवलेल्याच्या अचूकपणाला आणि कापाकापीच्या नोंदवहीला जास्त, अभिनयाला कमी. प्रयोगानंतरच्या चर्चेत कुणीतरी हमखास विचारतं, 'ही बाई नक्की कोण?' याचं उत्तर कोण देणार आणि काय देणार, हे रंगीत तालमीच्या दिवशीच ठरवून ठेवा. मूळ ध्वनी ठरलेल्या तारखेला सगळ्या फोनांवरून पुसायचा, आणि पुसल्याचं बोलणाऱ्याला कळवायचं.