पिवळाधमक गूळ घेण्याआधी

संक्रांत जवळ आली की नागपूरच्या इतवारी बाजारातल्या किराणा ओळीत गुळाच्या ढेपी रचल्या जातात आणि हात आपोआप पिवळ्या ढेपीकडे जातो. तिथंच थोडं थांबा. उसाचा रस आटवला की गूळ साधारण तांबूस-तपकिरीच होतो. तो उजळ दिसावा म्हणून गुऱ्हाळात 'हायड्रोस' (सोडियम हायड्रोसल्फाइट) टाकतात. त्यातून सल्फर डायऑक्साइड मागे राहतो. गुळात त्याची कायदेशीर मर्यादा ७० पीपीएम (दहा लाख भागांत ७० भाग) आहे. दम्याच्या काही रुग्णांना अशा गंधकयुक्त अंशांचा (सल्फाइटचा) त्रास होतो, तेव्हा घरात कोणाला दमा असेल तर जास्तच जपा. हायड्रोस टाकलेला गूळ ठेवल्यावर काही दिवसांनी पुन्हा काळवंडतो, हीही एक खूण.

घरी एवढं करा: काचेच्या ग्लासात गाळलेल्या कोमट पाण्यात चमचाभर गूळ विरघळवून अर्धा तास ठेवा. तळाशी पांढरा थर बसला तर खडूच्या भुकटीचा संशय घ्या. उसाचा बारीक चोथा दिसला तर घाबरू नका. गुळाच्या दुसऱ्या तुकड्यावर लिंबू पिळा. भराभर बुडबुडे आले तर सोडा किंवा खडू आहे. शिसं, कॅडमियम असे विषारी धातू मात्र असे कळत नाहीत, त्यांना प्रयोगशाळाच लागते.

गडद रंग म्हणजे शुद्धतेची हमी, असंही नाही. 'केमिकल-फ्री' लेबलवर दुप्पट भाव मागितला तर तपासणी अहवाल मागा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. एकदम ढेप उचलण्यापेक्षा आधी पावशेर आणून हे पाहा.