हस्तकलेच्या साहित्याची घनता घरच्या घरी कशी मोजावी

१० सेंटिमीटर बाजू असलेला थर्माकोलचा ठोकळा साधारण २० ग्रॅम भरतो, तर ३ सेंटिमीटर व्यासाची आणि १ मिलिमीटर जाडीची पितळेची चकती जेमतेम ६ ग्रॅमची असते. म्हणून थर्माकोल पितळेपेक्षा जड आहे, असे कोणी म्हणणार नाही. साहित्याची तुलना करताना वजन नव्हे, तर घनता, म्हणजे एका घन सेंटिमीटरमागे भरणारे वजन पाहावे लागते.

तुकडा चौकोनी असेल तर लांबी, रुंदी आणि जाडी सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि ग्रॅममधील वजनाला त्या घनफळाने भागावे. जाडी पट्टीने न मोजता कॅलिपरने (दोन जबड्यांत वस्तू धरून बारीक माप घेण्याच्या साधनाने) मोजावी, कारण ३ मिलिमीटरचा म्हणून घेतलेला पत्रा प्रत्यक्षात २.८ भरला, तर तेवढ्यानेच उत्तरात सुमारे ७ टक्क्यांची चूक होते. काटा एक ग्रॅमपेक्षा बारीक वजन दाखवत नसेल, तर एकसारखे दहा तुकडे एकत्र तोलावेत.

मणी, शिंपला किंवा ओतीव रेझिन अशा वेड्यावाकड्या वस्तूंसाठी मोजपात्रात पाण्याची पातळी किती चढली ते पाहण्याची रीत सर्वांना ठाऊक असते. लहान वस्तूंच्या बाबतीत मात्र ती फारशी उपयोगी नाही. त्याऐवजी वस्तूचे कोरडे वजन आधी टिपून ठेवावे, मग पाण्याचा पेला डिजिटल काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि वस्तू बारीक दोऱ्याला बांधून, तळाला किंवा कडेला न टेकवता, पूर्ण बुडेल इतकी खाली सोडावी. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील, तितके घन सेंटिमीटर तिचे घनफळ. तळाला वस्तू टेकली की तिचे वजनही काट्यावर येते आणि आकडा फुगतो. अंगाला चिकटलेल्या हवेच्या बुडबुड्यांमुळेही घनफळ जास्त आणि घनता कमी दिसते. तरंगणारे मेण किंवा बूच सुईच्या टोकाने दाबून बुडवावे. पाणी शोषणारे लाकूड आणि प्लास्टर या रीतीने तोलू नये. त्यांचा चौकोनी तुकडा कापून मोजणेच बरे.

उत्तर पडताळण्यासाठी काही ढोबळ आकडे जवळ असावेत, सर्व ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये: बाल्सा लाकूड ०.१६, पाइन ०.५, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) ०.७५, पॅराफिन मेण ०.९, अ‍ॅक्रिलिक १.१९, काच २.५, अ‍ॅल्युमिनियम २.७, पितळ ८.५, तांबे ८.९६. धातू, काच आणि अ‍ॅक्रिलिक यांचे आकडे बऱ्यापैकी स्थिर राहतात. लाकडाचे मात्र जात, ओलावा आणि झाडाचा भाग यांनुसार बदलतात, तर प्लास्टर किती पाण्यात कालवले यावर त्याची घनता ठरते.

तरीही एकट्या घनतेवरून साहित्य निवडू नये. वर सांगितलेल्या पितळी चकतीच्या जागी त्याच व्यासाचे अ‍ॅक्रिलिक वापरायचे, तर मजबुतीसाठी ते बहुधा ३ मिलिमीटर जाड घ्यावे लागते आणि त्याचे वजन सुमारे २.५ ग्रॅम होते. घनता सातपटीने कमी असूनही वजन निम्म्याच्या थोडेसेच खाली येते. कानातल्यासाठी हा फरक पुरेसा आहे. भिंतीवरच्या शोभेच्या वस्तूसाठी मी पितळच ठेवेन.