घाटात पेडल मऊ पडतंय? ब्रेक सुधारायला सुरुवात कुठून करावी

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना एकदा माझं ब्रेक पेडल मऊ पडलं. पाय खाली खाली जायचा, गाडी आपल्या सवडीने थांबायची. घरी पोचताच मी मोठ्या कॅलिपरच्या (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला पॅडने चिमटणारा भाग) किमती शोधायला बसलो. कारण निघालं चार वर्षं न बदललेलं ब्रेक ऑइल. म्हणजे चूक माझीच.

तेव्हापासून कुणी ‘ब्रेक अपग्रेड करायचेत’ म्हणालं की मी आधी विचारतो, तक्रार नेमकी काय? एकदाच करकचून ब्रेक मारल्यावर गाडी लांब जाऊन थांबते, की पाच-सहा वळणांनंतर ब्रेक ढिले पडतात?

पहिल्या तक्रारीचं औषध टायरमध्ये आहे. ब्रेक दाबल्यावर एबीएसची (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथर पायाला जाणवते, याचा अर्थ ब्रेकचा जोर पुरेसा आहे, रस्त्यावरची पकड संपली आहे. अशा वेळी कितीही मोठी डिस्क लावा, एबीएस तिथेच आडवं येणार. टायर झिजले किंवा कडक झाले असतील तर पैसे आधी तिकडे घाला.

दुसरी तक्रार उष्णतेची. माणसं-सामान धरून १,२०० किलोची गाडी १,२०० मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा जिरवावी लागते, तिच्यात सुमारे ४५ लिटर गार पाणी उकळीला येईल. इंजिन आणि वारा यांनी वाटा उचलला नाही तर हे सगळं ब्रेकच्याच माथी. म्हणून पहिली सुधारणा फुकटची आहे: उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये राहा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड वापरा.

मग ऑइल बदला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्याचा उत्कलनबिंदू घसरतो, वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय त्या बुडबुड्यांनाच दाबत बसतो. डॉट ४ प्रतीचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा धरल्यावर ही हद्द १५५ पर्यंत येऊ शकते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. नाव सारखं वाटलं तरी डॉट ५ घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळत नाही. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर काय छापलंय ते पाहा आणि दर दोन वर्षांनी बदला. ऑइल बदलून नळ्यांतली हवा काढताना ही टाकी रिकामी होऊ देऊ नका. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लागतो. आणि सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, रंग खातं.

त्यानंतर पुढचे पॅड. उदाहरणार्थ जुनी १.२ लिटरची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय: १०५ पीएसचं टर्बो इंजिन, मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक. या ड्रमवर लोक फार चिडतात, पण ब्रेक मारताच वजन पुढे झुकतं आणि बहुतेक काम पुढच्याच डिस्क करतात. रोजच्या गाडीला रस्त्यासाठीचे चांगले परफॉर्मन्स पॅड घ्या. शर्यतीचे पॅड तापल्याशिवाय चावत नाहीत. सकाळी सोसायटीच्या गेटवरच फजिती होईल.

बसवताना सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड. चाकाचे बोल्ट जमिनीवरच सैल करा, मग जॅक लावून गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर काम नको. कॅलिपर सोडवून तारेने टांगा, होजवर (ब्रेक ऑइलची लवचिक नळी) लोंबकळू देऊ नका. डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते, ती मोजून पाहा. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन पुसून ब्रेकचं ग्रीस लावा. अडकलेल्या पिनेमुळे एकच पॅड झिजतो आणि बिचारी कंपनी शिव्या खाते. कॅलिपरमधला, पॅड दाबणारा पिस्टन हळूहळू आत ढकला, ऑइलची टाकी वर भरून वाहत नाही ना याकडे लक्ष ठेवा. बोल्ट टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोराने आवळणारा पाना) आवळा. पोलोच्या चाकाचे १२० न्यूटन-मीटर. आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. हे विसरलात तर पहिल्या दाबाला ब्रेक लागणारच नाही.

नवे पॅड रुळवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत मध्यम ब्रेक, असं आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता. मग दहा मिनिटं ब्रेक न वापरता चालवा. पॅडच्या डब्यावर वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा.

इथपर्यंत आलात की बहुतेकांची तक्रार मिटते. डिस्क बदलायचीच झाली तर साधी, चांगल्या प्रतीची घ्या. भोकं पाडलेल्या डिस्कला वारंवार तापून भोकांभोवती तडे जातात. स्टीलच्या जाळीच्या होजमुळे पेडल थोडं घट्ट वाटतं, बाकी फरक नाही.

मोठ्या कॅलिपरचं किट मात्र ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी. पिस्टन मोठे झाले की पेडल लांब जातं, पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बदलतो, मूळ चाक आत बसेल याचीही खात्री नसते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं; आरटीओ आणि विमा कंपनीला विचारल्याशिवाय पैसे भरू नका.