वणव्याच्या दिवसाची तयारी : या चुका टाळा

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या पूर्वेला, डँडेनाँग डोंगराच्या कुशीत आम्ही राहतो. आगीच्या धोक्याची पातळी 'एक्स्ट्रीम' (सर्वोच्च पातळीच्या एकच पायरी खाली) जाहीर झाली की ओळखीच्या घरांतून दर उन्हाळ्यात एकच प्रश्न येतो : "धूर दिसला की निघू ना?" माझे उत्तर कधीच बदललेले नाही. धुराची वाट पाहणे ही सर्वांत मोठी चूक आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका दिवशी एका परिचित कुटुंबाने दुपारी दोनपर्यंत वाट पाहिली. धूर दिसल्यावर पासपोर्ट सापडेनात, मांजर पलंगाखालून बाहेर येईना आणि गाडीत पेट्रोल जेमतेम पाव टाकी. डोंगर उतरणाऱ्या एकुलत्या रस्त्यावर झाड आडवे पडले होते, आणि दोन लहान मुलांसह ती माणसे दीड तास धुरात अडकून होती. ती सुखरूप उतरली, कारण आगीने त्या बाजूचा रस्ता धरला नाही. तयारीमुळे ती वाचली असे मला म्हणता येत नाही.

७ फेब्रुवारी २००९ रोजी मेलबर्नमध्ये तापमान ४६.४ अंशांवर गेले होते. उत्तरेकडून वाहणारा कोरडा वारा संध्याकाळी नैर्ऋत्येकडून वाहू लागला आणि वणव्याची लांबच लांब बाजू हीच त्याची नवी आघाडी झाली. त्या वणव्यांनी १७३ जणांचा बळी घेतला. त्यामुळे 'आग अजून लांब आहे' या वाक्यावर मी कधीही विसंबत नाही. आमच्या घरी अंदाज आदल्या संध्याकाळीच पाहतात, कागदपत्रे, औषधे आणि मांजराची पेटी गाडीत ठेवतात आणि सकाळी आठच्या आत आम्ही शहरातल्या नातेवाइकांकडे निघतो. पाच वेळा गेलो आणि काहीच घडले नाही, तरी सहाव्या वेळी जातोच. पातळी 'कॅटस्ट्रॉफिक', म्हणजे सर्वोच्च, असेल तर कितीही तयार केलेल्या घरात थांबू नये.

दुसरी चूक नळाच्या पाण्यावर भरवसा ठेवण्याची. घर थांबून वाचवू असे म्हणणारे उत्साही नवखे बागेतली प्लॅस्टिकची नळी दाखवतात, तेव्हा मला खरोखर काळजी वाटते. सगळी वस्ती एकदम नळ सोडते तेव्हा दाब उरत नाही, वीज गेली की विजेचा पंप बंद पडतो आणि प्लॅस्टिक उष्णतेने वितळते. किमान १०,००० लिटर राखीव पाणी, इंधनावर चालणारा पंप आणि तो चालवणारी धडधाकट माणसे नसतील, तर थांबण्याचा विषयच काढू नये. पंप असला तरी मी तो उन्हाळ्यात दर रविवारी सुरू करून पाहते, कारण टाकीत पडून राहिलेल्या जुन्या पेट्रोलवर तो ऐनवेळी सुरू झाला नाही, असे आमच्याच घरी एकदा घडले आहे.

छपराच्या पन्हळीतला पाचोळा त्या दिवशी सकाळी काढायला शिडीवर चढू नये. ते काम नोव्हेंबरातले, म्हणजे इथला उन्हाळा सुरू होण्याआधीचे आहे, आणि वाऱ्याबरोबर आगीच्या कितीतरी पुढे उडत येणारे निखारे नेमके तिथेच घर पेटवतात. पायपुसणी आणि अंगणातल्या गाद्या आदल्या दिवशीच आत घ्याव्यात. नायलॉनचे कपडे घालू नयेत, सुती किंवा लोकरी घालावेत. केवळ मोबाइलवरच्या सूचनांवर विसंबू नये, बॅटरीवर चालणारा रेडिओही जवळ ठेवावा, आणि घर सोडताना शेजारी राहणाऱ्या एकट्या वृद्धांना विचारल्याशिवाय गाडी सुरू करू नये.