बाळांचा सर्वे करायला गावात निघालाय? या चुका टाळा

उन्हाळी इंटर्नशिपला राधानगरी तालुक्यातल्या एका गावात गेले, तेव्हा पहिल्या दिवशी माझ्या फॉर्मवर जवळपास सगळीच बाळं 'फक्त आईच्या दुधावर' निघाली. मी खूश! गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, म्हणजे आशाताईंनी, कागद चाळला आणि विचारलं, "ताई, गुटीचं विचारलंसा काय?"

नव्हतं विचारलं. फॉर्ममध्ये 'अन्य आहार देता का?' असा प्रश्न होता आणि गुटीला कोण आहार म्हणेल? दुसऱ्या दिवशी त्याच घरांत परत फिरले. आता असं विचारा: "काल सकाळपासून आत्तापर्यंत बाळाच्या तोंडात काय काय गेलं?" मग एकेक नाव घ्या. पाणी, गुटी, मध, साखरपाणी, ग्राइपवॉटर, वरचं दूध. 'स्तनपान' हा शब्द कागदावरच राहू दे, बोलताना 'अंगावर पितं का' म्हणा. डॉक्टरांनी दिलेलं औषध किंवा ड्रॉप्स चालतात, पण पाण्याचा एक घोट गेला तरी ते बाळ 'फक्त आईच्या दुधावर' धरत नाहीत. सासूबाईंना बाहेर बसवायची घाई करू नका. सहाणेवर गुटी उगाळतात त्याच, आणि किती वळसे ते सुनेला ठाऊकही नसतं.

यादीतली बाळं घरात सापडत नाहीत, ही पुढची डोकेदुखी. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे गावची सून बाहेर आणि गावची लेक आत. नावं खोडू नका, दोन वेगळ्या याद्या करा. ऊसतोड टोळ्यांची बाळं तर मे महिन्यात भेटणारच नाहीत, कारण हंगाम संपला की त्या आपल्या गावी परततात. अहवालात हे स्पष्ट लिहा, नाहीतर जिथली बाळं जास्त नाजूक तीच गायब.

वय विचारलं की 'पंचमीच्या आदल्या दिवशी झालं' असं उत्तर येतं. अंदाजे महिने लिहू नका, माता-बाल संरक्षण कार्ड मागा. वजनकाटा रिकाम्या झोळीसकट शून्यावर आणा आणि रोज सकाळी एक किलोची साखरेची पुडी टांगून तपासा. जन्मवजन अडीच किलोच्या आत म्हणजे कमी, त्यामुळे शंभर ग्रॅमच्या चुकीनेही बाळाचा रकाना बदलतो. आशाताईंच्या जन्मानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवसांच्या घरभेटींच्या नोंदीशी आपले आकडे ताडून बघा.

एका गावाचा बालमृत्युदर मात्र काढत बसू नका. एक वर्षाच्या आत किती बाळं दगावली, ते यात हजार जिवंत जन्मांमागे मोजतात. वर्षाला तीस बाळं जन्मणाऱ्या गावात एक मृत्यू झाला की दर 33 आणि पुढच्या वर्षी शून्य. त्यातून काहीच कळत नाही.

आणि बाळ दूध ओढेनासं झालंय, अंग गार लागतंय किंवा श्वास घेताना छाती आत जातेय, असं दिसलं तर फॉर्म तिथंच मिटा. आशाताईंना फोन लावा, त्या उचलत नसतील तर 102 किंवा 108.