वाइनच्या द्राक्षासाठी जमीन पारखताना: सप्टेंबरमधील कामे

कोल्हापूर जिल्ह्यात वाइनच्या द्राक्षाची बाग धरू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांनी पावसाळा ओसरत असतानाच शेतात दोन-तीन ठिकाणी चार फूट खोल खड्डे घ्यावेत आणि त्यांत साचलेले पाणी किती दिवसांत जिरते ते पाहावे. या पिकात जमिनीच्या सुपीकतेपेक्षा निचऱ्याला अधिक महत्त्व आहे.

पंचगंगेकाठची खोल काळी जमीन उसाला मानवते. मात्र वाइनच्या वेलीला तिथे पाणी आणि नत्र सतत मिळत राहिल्याने शेंडावाढ थांबत नाही, घडांवर सावली पडते आणि काबर्ने सोव्हिन्यॉनसारख्या जातीच्या वाइनमध्ये हिरव्या ढोबळ्या मिरचीसारखा वास राहतो. हलक्या, मुरमाड जमिनीत मण्यांत पाणी उतरण्याच्या, म्हणजे मणी मऊ पडून रंग धरू लागण्याच्या, सुमारास वेलीला बेताचा ताण बसतो, मणी लहान राहतात आणि रसाच्या मानाने सालीचे प्रमाण वाढल्याने रंग व तुरटपणा गडद होतो. दगडाची चव थेट वाइनमध्ये उतरते, हा समज मात्र सोडून द्यावा. जमीन आपला परिणाम मुख्यतः पाणी, उष्णता आणि अन्नद्रव्ये यांच्या मार्गाने घडवते. फ्रान्समधील बोर्दो भागात मेदोकच्या गरम, खडीच्या जमिनीत उशिरा पिकणारी काबर्ने सोव्हिन्यॉन आणि पोमरोलच्या थंड चिकणमातीत लवकर पिकणारी मर्लो प्रामुख्याने घेतली जाते, ती याच कारणाने.

राधानगरी, गगनबावड्याकडील जांभ्या जमिनीचा निचरा चांगला असला तरी तिथला पाऊस केवडा या बुरशीजन्य रोगाला आमंत्रण देतो, त्यामुळे त्या भागात हे पीक घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. शिरोळ, हातकणंगलेच्या कमी पावसाच्या पट्ट्यात हवामान अधिक अनुकूल आहे. पण क्षारपड रान असल्यास सच्छिद्र पाइपांचा निचरा आधी करावा आणि खुंट (ज्याच्या मुळांवर वाइनच्या जातीचे कलम भरतात ती वेल) निवडण्यापूर्वी माती व विहिरीचे पाणी दोन्ही तपासून घ्यावे. डॉगरिज खुंट क्षार सहन करतो, परंतु तो वेलीला जोमही देतो, म्हणून भारी जमिनीत त्यावर कलम भरण्यापूर्वी दोनदा विचार करावा. चुनखडी जास्त असलेल्या रानात लोहाच्या कमतरतेने कोवळी पाने पिवळी पडतात, हेही लक्षात असावे.

मातीचे नमुने 0 ते 30 आणि 30 ते 60 सेंटिमीटर खोलीवरून वेगवेगळे घ्यावेत. अहवालात पालाश (पोटॅशियम) भरपूर दिसल्यास ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर सवयीने पोटॅशच्या मात्रा देऊ नयेत; जादा पालाशामुळे रसाचा सामू (pH) वाढतो, म्हणजे आंबटपणा कमी होतो, लाल वाइनचा रंग फिका पडतो आणि ती टिकतही नाही. फुलोऱ्यात पानाच्या देठाचे परीक्षण करून मगच पुढील मात्रा ठरवावी.