स्टील गिटारवर ‘रेड रिव्हर व्हॅली’

साध्या गिटारवर वाजवणार असाल तर आधी नटवर (मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांत टेकतात तिथे) तारा उचलणारी पट्टी बसवा. मग पहिली आणि सहावी तार ई वरून डीवर, पाचवी एवरून जीवर उतरवा. झालं ओपन जी, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की जी कॉर्ड. मांडीवर सोलापुरी चादरीची घडी ठेवा, गिटार घसरत नाही.

हे काऊबॉय गाणं चार मात्रांचं आहे आणि उठतं प-सा-ग असं. बार (तारांवर सरकवायचा धातूचा दांडा) बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या धातूच्या रेघेवर, ठेवून चौथी, तिसरी, दुसरी तार छेडा. सी कॉर्ड पाचव्या फ्रेटवर, डी सातव्यावर.

सगळी गंमत बारमध्ये. बोटासारखा फ्रेटच्या मागे नको, थेट धातूच्या रेघेवर हवा. केसभर मागे राहिला तरी सूर उतरतो. बारमागची बोटं तारांवर टेकलेली ठेवा, नाहीतर खरखर होते. मींड (बार सरकवत स्वर गाठणं) ओळीच्या पहिल्या लांब स्वरालाच, दोन फ्रेट खालून. प्रत्येक स्वराला घेतलीत तर गाणं रडकं होतं! कंप स्वर स्थिरावल्यावरच.

एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तारा तापून सैल पडतात. दर दोन-तीन फेऱ्यांनी ट्यूनर लावा.